कॅम्पच्या खोलीतली आगगाडी: मॉडेल रेल्वे मिळून कशी बांधावी

मॉडेल रेल्वेचा छंद जागेअभावी अडतो असे सगळे म्हणतात. प्रत्यक्षात तो जास्त अडतो तो मेळ न बसल्यामुळे. एकाने जपानी संच आणलेला असतो, दुसऱ्याने दुबईहून जर्मन इंजिन, तिसऱ्याने सुट्टीवरून येताना पुण्यातून डबे. शुक्रवारी तिघे एकत्र बसले की एकाचीही गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालत नाही. मग खोके बंद होतात आणि पुढचा शुक्रवार झोपण्यात जातो.

पुण्यात कोथरूडला बी. एस. ऊर्फ भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. ते पाहून आलेल्या माणसाला वाटते की असे काही करायचे तर आधी एक आख्खा हॉल हवा. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियाजवळच्या बरवा अल बराहा वसाहतीत राहणाऱ्या फोरमनला किंवा टेक्निशियनला हॉल कुठून मिळणार? कतारच्या २०१४ च्या नियमाप्रमाणे कामगार निवासात माणशी किमान ६ चौरस मीटर जागा हवी, एका खोलीत चारपेक्षा जास्त माणसे नकोत आणि पलंगावर पलंग नको. म्हणजे चौघांच्या खोलीला २४ चौरस मीटर. त्यातून चार पलंग आणि चार कपाटे वजा केली की उरते ती चालायची वाट.

एवढ्या जागेत कायमचा लेआउट बसत नाही. तुकड्यांचा बसतो. प्रत्येकाने आपला तुकडा पलंगाखाली ठेवायचा, सुट्टीच्या दिवशी सगळे जोडायचे, रात्री पुन्हा सुटे करायचे. त्यासाठी आधी काय ठरवावे, काय विकत घ्यावे, कुठे फसगत होते आणि कोणाचा हक्क कुठे आहे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

पहिला निर्णय: प्रमाण आणि गेज

या दोन शब्दांची गल्लत सर्वांत जास्त होते. प्रमाण म्हणजे खरी गाडी कितीपट लहान केली ते, आणि गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर. एचओ हे प्रमाण १:८७ आहे आणि त्याचा रूळ १६.५ मिलिमीटरचा. एन प्रमाण १:१६०, रूळ ९ मिलिमीटर. झेड १:२२०, रूळ ६.५ मिलिमीटर. ब्रिटिश ओओ प्रमाण साधारण १:७६ आहे, पण ते धावते एचओच्याच १६.५ मिलिमीटर रुळावर. म्हणून ओओचे इंजिन एचओच्या डब्यांपुढे लावले तर चालते, दिसते मात्र बैलगाडीला जुंपलेल्या हत्तीसारखे. जपानी एन गाड्या बहुधा १:१५० असतात, ब्रिटिश १:१४८. रूळ सगळ्यांचा ९ मिलिमीटरच. तेवढा फरक डोळा माफ करतो.

भारतीय गाड्या करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. १:८७ ने भागले तर रूळ १९ मिलिमीटरहून थोडा रुंद हवा. तो बाजारात तयार मिळत नाही, त्यामुळे बहुतेक जण १६.५ वरच भागवतात आणि समोरून पाहिले की डेक्कन क्वीन जरा चवड्यांवर उभी असल्यासारखी वाटते. हे खटकत असेल तर हिशेब उलटा करता येतो. १६.५ च्या रुळावर १:१०० च्या आसपास गाडी बांधली की ब्रॉडगेज जवळजवळ तंतोतंत बसते. अट एकच, सगळे डबे स्वतः बांधावे लागतात.

जागेचा प्रश्न डब्याच्या लांबीपासून सुरू होतो. भारतीय रेल्वेचा एलएचबी डबा साधारण २४ मीटरचा. एचओमध्ये तो २७ सेंटिमीटरहून लांब होतो, एनमध्ये १५ सेंटिमीटर. चोवीस डब्यांचा रेक एचओमध्ये साडेसहा मीटर भरतो, म्हणजे खोलीची भिंत संपली तरी गाडी संपत नाही. वळणाची त्रिज्या लांब डब्याच्या निदान तिप्पट असावी, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने एचओ एलएचबीला ८० सेंटिमीटरची त्रिज्या लागते आणि नुसते वळण घ्यायला पावणेदोन मीटर रुंदीची फळी. कॅम्पच्या खोलीत एचओ ब्रॉडगेजचा विचार सोडून द्यावा हे बरे.

मराठी मुलखाची सोपी वाट: छोटी लाइन

ज्यांना एचओच्या आकाराची माणसे, झाडे आणि घरे हवी आहेत, पण जागा एनएवढीच आहे, त्यांच्यासाठी महाराष्ट्राच्या नॅरोगेज लाइनी जणू मुद्दाम बांधल्या गेल्या. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी धावू लागली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ती कल्पना. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. तिचे गेज ७६२ मिलिमीटर होते. मूर्तिजापूर–यवतमाळची शकुंतला आणि पाचोरा–जामनेर याही ७६२ च्याच. आता भागाकार करा: ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ. एनचा रूळ ९ मिलिमीटरचा. फरक पाव मिलिमीटरचा, तोही मोजपट्टीला दिसेल, डोळ्याला नाही.

म्हणजे एनचा रूळ, एनच्या इंजिनाचे चाकांसकट यंत्र आणि त्यावर पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिक शीटची एचओ प्रमाणातली बार्शी लाइनची बॉडी. हा प्रकार जगभर रूढ आहे. युरोपात त्याला एचओई म्हणतात, अमेरिकेत एचओएन-थर्टी. यात फलाटावरचा माणूस १९–२० मिलिमीटरचा असतो. त्याच्या डोक्यावरची टोपी रंगवता येते. शुद्ध एनमध्ये तोच माणूस ११ मिलिमीटरचा होतो आणि टोपी म्हणजे ब्रशच्या टोकाचा एक ठिपका. चाळिशी लागलेल्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये.

माथेरानची गाडी (१९०७) मात्र या हिशेबात बसत नाही. ती ६१० मिलिमीटरची, म्हणजे १:८७ मध्ये ७ मिलिमीटरचा रूळ हवा. जवळचा तयार रूळ झेडचा, ६.५ चा. चालतो, पण झेडचे सामान महाग आणि नाजूक. माथेरानच करायची असेल तर ते दुसऱ्या वर्षाचे काम समजावे.

जोडाचे माप आधी, देखावा नंतर

मिळून बांधण्याचे खरे कौशल्य तुकड्याच्या दोन टोकांत आहे. मधला भाग ज्याचा त्याने हवा तसा करावा. कोणी कुर्डुवाडीचे यार्ड करील, कोणी कोकणातले भाताचे खाचर, कोणी दोह्याच्या मेट्रोचा पूल. टोकांवर मात्र कोणाचेही वेगळे मत चालत नाही.

माप नव्याने शोधायची गरज नाही. एनसाठी टी-ट्रॅक नावाची पद्धत वीसेक वर्षे जगभर वापरात आहे आणि ती टेबलावर मांडायचीच पद्धत आहे. तिचा साधा तुकडा ३०८ मिलिमीटर लांबीचा असतो. त्यावर काटो कंपनीच्या युनिट्रॅकचे दोन समांतर मार्ग, प्रत्येकी ३१० मिलिमीटरचे: २४८ चा एक आणि ६२ चा एक. लाकूड ३०८ आणि रूळ ३१०, म्हणजे दोन्ही टोकांना रूळ एकेक मिलिमीटर बाहेर डोकावतो. हीच त्या पद्धतीची खुबी. तुकडे शेजारी ठेवून ढकलले की लाकूड लाकडाला भिडायच्या आधी रूळ रुळाला भिडतो आणि टक् असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला नाही तर जोड बसलेला नाही, मग वरून तो कितीही सरळ दिसो. दोन मार्गांच्या मध्यांमधले अंतर ३३ मिलिमीटर आणि रुळाची टेबलापासूनची उंची किमान ७० मिलिमीटर. खाली चार कोपऱ्यांना बोल्ट लावलेले असतात. टेबल वाकडे असले तर ते फिरवून उंची जुळवायची.

कोपऱ्याचा तुकडा ३६५ मिलिमीटरचा चौरस. त्यावर बाहेरचे वळण ३१५ त्रिज्येचे आणि आतले २८२ चे. चार कोपरे जोडले की ७३ सेंटिमीटरच्या चौरसात गाडी गोल फिरू लागते. चौघांची खोली आणि चार कोपरे हा योगायोग उपयोगी पडतो. पहिल्या महिन्यात प्रत्येकाने एक कोपरा बांधावा. कोणाचा तुकडा आला नाही तर गाडीच फिरत नाही, त्यामुळे आळसाला आपोआप आळा बसतो.

पुढची वाढ सरळ तुकड्यांनी. सहा फुटी घडीचे टेबल साधारण १८३ बाय ७६ सेंटिमीटरचे असते. त्यावर चार कोपरे आणि दोन्ही लांब बाजूंना तीन-तीन सरळ तुकडे मावतात: १६६ बाय ७३. म्हणजे एका टेबलावर दहा तुकडे. फळीसाठी ६ मिलिमीटर प्लायवूड पुरते. इंडस्ट्रियल एरियात प्लाय कापून देणारी दुकाने शोधावी लागत नाहीत. मात्र कापणाऱ्याला 'एक फूट' असे सांगू नका. एक फूट म्हणजे ३०५ मिलिमीटर, आणि ते तीन मिलिमीटर पुढे सगळ्यांना छळतात. मापाचा कागद हातात द्या आणि सगळ्यांच्या फळ्या एकाच दुकानात, एकाच दिवशी, एकाच यंत्रावर कापून घ्या.

खरेदीपूर्वी तपासायच्या गोष्टी

- रुळाची कंपनी. काटो आणि टोमिक्स दोन्ही एन, दोन्ही ९ मिलिमीटर, दोन्ही जपानी, तरी त्यांचे जोड एकमेकांत थेट बसत नाहीत. गटाने एकच कंपनी ठरवावी. गाडी कोणतीही चालते.
- रुळाचा धातू. निकेल सिल्व्हरचा रूळ घ्या. काही स्वस्त संचांत स्टीलचा रूळ येतो. बाकमनच्या ई-झी ट्रॅकमध्ये काळ्या बैठकीचा रूळ स्टीलचा आणि करड्या बैठकीचा निकेल सिल्व्हरचा असतो. दोह्याच्या उन्हाळी दमट हवेत स्टील गंजते.
- दोन रुळी की तीन रुळी. मार्कलिनची एचओ गाडी मधल्या संपर्कपट्टीवरून वीज घेते. तिची चाके दोन रुळी मार्गावर शॉर्ट करतात. दिसायला सुंदर, जुनी स्वस्त मिळते, आणि गटात निरुपयोगी ठरते.
- अडॅप्टरवरचा इनपुट. कतारमध्ये २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि चौकोनी तीन पिनांचा प्लग. जपानातल्या बाजारासाठी बनलेला कंट्रोलर १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा. नुसता प्लग बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. मागच्या लेबलावर '१००–२४०' असे छापलेले असेल तरच थेट लावा.
- कपलर. जुन्या एन डब्यांना चौकोनी आकडा असतो, नव्या जपानी आणि अमेरिकन डब्यांना निराळे. वेगवेगळ्या जातीचे एकमेकांत अडकत नाहीत. दोन्ही टोकांना दोन जातीचे कपलर लावलेला एक 'दुभाष्या' डबा गटाकडे असावा.

व्होल्टेजची चूक सर्वांत महाग पडते, कारण ती एकदाच करता येते. जुना संच विकत घेताना विक्रेत्यासमोर गाडी चालवून पाहावी, पण आधी लेबल वाचून.

डीसी की डीसीसी

साध्या डीसी पद्धतीत रुळाला ० ते १२ व्होल्ट मिळतात आणि रुळावरचे प्रत्येक इंजिन एकदमच पळते. एका मार्गावर एकच गाडी चालवता येते. दोन मार्ग आणि दोन कंट्रोलर, दोन गाड्या, दोन ड्रायव्हर: खोलीसाठी एवढे पुष्कळ आहे. डीसीसीत रुळाला कायम वीज असते आणि प्रत्येक इंजिनातल्या डिकोडरला पत्ता असतो. त्या पत्त्यावर हुकूम गेला की तेच इंजिन हलते. मजा आहे, पण खर्च बराच वाढतो. नवशिक्या गटाने पहिले सहा महिने डीसीच ठेवावे असे या लेखाचे मत आहे.

डीसीसी घेतलेच, तर दोन अपघात ठरलेले. पहिला पत्त्याचा. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक डिकोडरांचा पत्ता ३ असतो. चार मित्रांनी चार नवी इंजिने रुळावर ठेवली आणि एकाने हँडल फिरवले की चारही एकदम सुटतात, त्यांतली दोन समोरासमोर. तेव्हा गटात आधी पत्ते वाटून घ्या: पहिल्याला १० ते १९, दुसऱ्याला २० ते २९, याप्रमाणे. छोटे पत्ते १२७ पर्यंत जातात, त्यामुळे टंचाई नाही. दुसरा अपघात साध्या डीसी इंजिनाचा. ते डीसीसी रुळावर ठेवले की गुणगुणते, तापते आणि मोटर जळते. पाहुणा इंजिन घेऊन आला की ते रुळावर ठेवण्यापूर्वी 'डिकोडर आहे का?' हे विचारावे, 'छान आहे' हे नंतर म्हणावे.

वायरिंग: दोन रंग, एकच क्रम

टी-ट्रॅकमध्ये रुळांच्या तारा पुढून मागे निळी, पांढरी, पांढरी, निळी अशा क्रमाने असतात. प्रत्येक तुकड्याखाली हा क्रम मार्करने लिहून ठेवावा. एका तुकड्यात जरी तो उलटला तरी पूर्ण फेरा शॉर्ट होतो, आणि दहा तुकड्यांमध्ये दोषी शोधायला अर्धा शुक्रवार जातो. शोधायची रीत: सगळे तुकडे सुटे करा, कंट्रोलरच्या तुकड्यापासून एकेक जोडत जा आणि दर जोडानंतर मल्टिमीटर लावा. ज्या जोडाला शॉर्ट दाखवतो तो शेवटचा तुकडा उलटा.

डीसीसी असेल तर आणखी एक चाचणी घ्यावी. वीज चालू ठेवून पन्नास दिरहमचे नाणे कंट्रोलरपासून सर्वांत लांबच्या ठिकाणी दोन्ही रुळांवर आडवे ठेवा. यंत्रणेने तत्काळ वीज तोडली पाहिजे. तोडली नाही, तर तारा बारीक पडत आहेत किंवा जोड सैल आहेत. घसरलेले इंजिन त्या जागी नाण्याचेच काम करील आणि तापून वितळेल. ही चाचणी साध्या डीसी कंट्रोलरवर करू नये.

धूळ, तेल आणि एसी

दोह्याची धूळ पिठासारखी बारीक असते. खिडकी बंद असली तरी ती रुळावर येऊन बसते, चाकांशी घासून काळी होते आणि वीज अडवते. गाडी धक्के खात चालू लागली की आधी रूळ पुसा, इंजिन उघडू नका. फार्मसीत मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती फडक्यावर थोडे घेऊन एकदा रूळभर फिरवा. फडक्यावर रेघ मारल्यासारखे दोन काळे पट्टे उमटतील. पट्टे करडे होईपर्यंत जागा बदलून पुसत राहा. मग चाके. वीज बंद ठेवून अर्धे इंजिन हातात उचलावे आणि चाके पुसावीत. सँडपेपर कधीही लावू नये. त्याने रुळावर ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळची घाण त्या ओरखड्यांत बसते.

इंजिनाला प्लॅस्टिकला चालणारे बारीक तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढेच द्यावे. घरगुती उपाय म्हणून खोबरेल तेल घालणारे आढळतात. २४ अंशांखाली ते गोठू लागते, आणि कॅम्पचा एसी चोवीस तास चालू. सकाळी इंजिनाच्या गिअरमध्ये पांढरे लोणी सापडते.

अल्कोहोल पेटते. ते वापरताना रुळाची वीज बंद ठेवावी, बाटली लगेच बंद करावी आणि ओले फडके पलंगाखाली कोंबू नये.

खोलीचे नियम आणि शेजाऱ्यांचे हक्क

कामगार निवासात कॅम्प बॉसला न सांगता काहीही सुरू करू नये. आधी सांगितले की जप्ती आणि वाद दोन्ही टळतात. विचारताना 'रेल्वे' हा शब्द ऐकून माणूस दचकतो, म्हणून एक तुकडा प्रत्यक्ष दाखवावा आणि तीन गोष्टी सांगाव्यात: रुळावर १२ व्होल्ट असतात, रात्री सगळे सुटे होते, सोल्डरिंग खोलीत होणार नाही. सोल्डरिंगचा धूर स्मोक डिटेक्टरला आगीचाच धूर वाटतो. तारा जोडायला स्क्रूवाले किंवा दाबून बसणारे कनेक्टर वापरा. एका मल्टिप्लगमध्ये दुसरा मल्टिप्लग लावू नका, आणि कंट्रोलर चालू ठेवून जेवायला जाऊ नका.

रूममेट छंदात नसेल तर खोलीचा चौथा हिस्सा त्याचाच आहे. रात्रपाळीवाला झोपलेला असताना गाडी चालवणे हा भांडणाचा सर्वांत छोटा मार्ग. एन गाडीचा आवाज कमी असतो, पण पोकळ प्लायवर तो ढोलासारखा वाजतो. फळीच्या आतल्या बाजूला थर्माकोलचा किंवा फोमचा तुकडा चिकटवला की तो निम्म्याने उतरतो.

फोटो आणि व्हिडिओंच्या बाबतीत कतारचा कायदा कडक आहे. २०१४ च्या सायबर गुन्हे कायद्यानुसार कोणाच्या खासगी किंवा कौटुंबिक जीवनासंबंधीचे फोटो वा चित्रण ऑनलाइन प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे, ते खरे असले तरीही. गाडी अवश्य दाखवा. मागे पलंगावर लुंगीत बसलेला माणूस, त्याचे कपाट, त्याच्या घरच्यांचे फोटो चौकटीत येऊ देऊ नका, आणि कोणी येत असेल तर आधी त्याची परवानगी घ्या.

खोलीबाहेर जाहीर प्रदर्शन करायचे असेल तर ते स्वतःच्या जबाबदारीवर भरवण्याऐवजी मान्यताप्राप्त संस्थेमार्फत करावे. भारतीय दूतावासाच्या छत्राखाली इंडियन कल्चरल सेंटर चालते, आणि महाराष्ट्र मंडळही कतारमध्ये आहे. त्यांच्या कार्यक्रमात एक टेबल मागणे हा सरळ रस्ता. मराठी माणसे जमली की वर्गणी सुचते. सामान आपसांत वाटून घेणे वेगळे आणि लोकांकडून देणगी गोळा करणे वेगळे. देणग्यांवर कतारमध्ये कडक नियंत्रण आहे, तेव्हा पावतीपुस्तक काढू नये. नफ्यासाठी गाड्या आणून विकणेही परवान्याशिवायचा धंदा ठरू शकतो.

कोणाचे काय, हे लिहून ठेवा

दहा तुकडे आणि तीस डबे एका टेबलावर आले की संध्याकाळी आवरताना कोणाचा डबा कोणाच्या खोक्यात जाईल सांगता येत नाही. दोन्ही डबे निळे, दोन्ही स्लीपर. प्रत्येकाने एक रंग ठरवून डब्याच्या पोटाखाली त्या रंगाचा बारीक ठिपका द्यावा आणि आल्याआल्या सगळ्या सामानाचा एक फोटो ग्रुपवर टाकावा. आवरताना तोच फोटो यादी म्हणून चालतो.

मोडतोडीचा नियमही आधी ठरवा. साधा आणि निभणारा नियम असा: मालकाने स्वतः रुळावर ठेवलेली गाडी घसरून पडली तर नुकसान मालकाचे, दुसऱ्याने न विचारता उचलली तर उचलणाऱ्याचे. दुसऱ्याची गाडी उचलायचीच झाली तर दोन्ही हातांनी, खालून, बॉडीच्या बारीक कामाला बोट न लावता.

सामायिक पैशांतून घेतलेला कंट्रोलर कोणाचा? ही गोष्ट कॅम्पात हमखास उभी राहते, कारण कोणीतरी नोकरी बदलतो किंवा फायनल एक्झिटवर गावी जातो. एकाने कंट्रोलर, दुसऱ्याने टेबल, तिसऱ्याने दोन कोपरे असे घ्यावे. मग जाणारा आपले घेऊन जातो आणि उरलेल्यांना हिशेबाच्या वहीची गरज पडत नाही.

खराब माल निघाला तर

कतारमध्ये दुकानातून घेतलेली वस्तू सदोष निघाली तर २००८ चा ग्राहक संरक्षण कायदा (क्रमांक ८) ग्राहकाच्या बाजूने आहे. वस्तू बदलून किंवा पैसे परत मागता येतात, आणि दुकानदार ऐकत नसेल तर वाणिज्य व उद्योग मंत्रालयाकडे तक्रार करता येते. बिल मात्र जपून ठेवले पाहिजे. भारतातून ऑनलाइन मागवले असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. त्यानुसार तक्रार विक्रेत्याच्या शहरात जाऊनच करावी लागत नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही ती दाखल होते, आणि ऑनलाइनही. खोके उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढून ठेवला तर वाद लवकर मिटतो. व्यक्तीकडून घेतलेल्या जुन्या मालाला मात्र यांतले काहीच लागू पडत नाही. तिथे डोळे आणि मल्टिमीटर हाच कायदा.

सुट्टीवर जाताना

मॉडेल गाड्या सीमाशुल्काच्या यादीत खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. भारताने खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. त्यामुळे परदेशातून थेट भारतात पार्सल मागवण्याचा हिशेब बहुधा तोट्याचा ठरतो. प्रवाशाच्या सामानाला वेगळे नियम आणि ठरावीक रकमेपर्यंत सूट आहे. ती रक्कम बदलत असते, म्हणून तिकीट काढताना सीमाशुल्क विभागाचा ताजा नियम पाहावा आणि इंजिनांची बिले सोबत ठेवावीत. बिल नसले तर किंमत अधिकारी ठरवतो, आणि त्याला एन आणि एचओ सारखेच चकचकीत दिसतात.

बॅग भरताना या गोष्टी लक्षात ठेवा:

- इंजिने आणि कंट्रोलर हातातल्या बॅगेत. एक्स-रेत ते तारांचे भेंडोळे दिसते, म्हणून ट्रेमध्ये वेगळे काढून ठेवावे.
- सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या हातातच.
- थिनर, एनॅमल रंग, स्प्रे पेंट, आयसोप्रोपिल यांना विमानात जागा नाही. पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग चेक-इनमध्ये घ्यावेत.
- लेआउटचे दोन तुकडे तोंडाला तोंड करून, मध्ये घरे-झाडांच्या उंचीएवढ्या लाकडी पट्ट्या देऊन, टोकांना प्लाय स्क्रूने बसवावे. त्याचीच पेटी होते आणि देखाव्याला काही लागत नाही. बाहेर डोकावणारा तो एक मिलिमीटर रूळ मात्र या प्लायला टेकता कामा नये. टोकाशी पुठ्ठ्याचे दोन थर घालून मगच स्क्रू आवळा, कारण जोड बिघडला तर पेटीतून सुखरूप निघालेला तुकडाही परतल्यावर टेबलावर बसत नाही.